सुशीलावहिनी आणि सॅन फ्रान्सिस्कोचा उतार

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी आमच्या देवळी गावात बसून अख्खं सॅन फ्रान्सिस्को बुडताना पाहिलं... तेही हिंदीत.

शेजारच्या नामदेवभाऊंनी मला घाईने बोलावून नेलं होतं. त्यांची पल्लवी नवऱ्यासोबत त्या शहरात राहते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला विमानप्रवास नको म्हटल्यामुळे माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. म्हणजे तिच्या आईने, सुशीलावहिनींनी. व्हिसा झाला, आणि तिकीट काढायची वेळ आली तसं वहिनींचं "पाहू" सुरू झालं...

"गुरुजी, तुमीच समजावा इले. रोज ते गावं बुडवाचे सिनेमे पाहून राह्यली. भेली ते!"

मी शाळेत संस्कृत शिकवतो आणि जमेल तशा पेपरला बातम्या देतो. त्यामुळे लोकांना समजावणं हा माझा जोडधंदा असावा, असं गल्लीचं मत आहे.

वहिनी टीव्हीसमोर बसून सोमवारच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. पडद्यावर तो प्रसिद्ध लाल पूल मोडला, मोटारी खेळण्यांसारख्या गळून पडल्या, मागून लाट आली. वहिनींचा हात काही थांबला नाही.

मी सुरुवात केली. आपल्या पुराणांत प्रलय कल्पाच्या शेवटी एकदा येतो, यांच्याकडे दर शुक्रवारी येतो. न्यूयॉर्क तर इतक्यांदा कोसळलंय की आता तिथल्या इमारतींना सवय झाली असेल. बुडण्याचा मान मोठ्या शहरांचाच... आपला बसस्टँड बुडवायला अजून कोणी कॅमेरा घेऊन आलेलं नाही. हे सगळं कॉम्प्युटरवर करतात वहिनी, पूल जागेवरच आहे.

"मले येडी समजले का जी?" वहिनींनी रिमोट उचलला. "सिनेमा हाय, समजते मले."

आणि त्यांनी सिनेमा मागे नेला. लाट समुद्रात परत गेली, मोटारी वर चढल्या, पूल सरसर उभा राहिला. अगदी सुरुवातीची सकाळ आली... कोवळं ऊन, चढावर जाणारी ट्राम, बाळाची गाडी ढकलणारी एक बाई. तिथे वहिनींनी चित्र थांबवलं.

"हा उतार पाह्यला का गुरुजी? पल्लवीचं घर अशाच रस्त्यावर हाय. ते फोनवर आपलं तोंडच दाखवते, मांगं भिंत. गाव कसं हाय ते याच सिनेमात दिसते... बुडाच्या आंधी."

"मग?"

"मंग काय! मी सपाट वावरातली बाई. ते लेकराची गाडी हातची सुटली तं?"

"अवं, पण पुलाचं भेव नाई तुले?" नामदेवभाऊ चक्रावले.

"पूल मोडला तं सरकार बांधन. माह्या हातून लेकरू सुटलं तं कोण देईन?"

कल्पान्ताचं माझं सगळं शास्त्र त्या जुड्यांच्या ढिगाशेजारी मुकाट बसून राहिलं.

हे पल्लवीला सांगितलं का, एवढंच मी विचारलं. "तिले कायले भेववाव? तिथंच राह्यते ते." शेवटी तिकडची सकाळ होईपर्यंत थांबून नामदेवभाऊंनीच फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पल्लवी हसेल असं मला वाटलं होतं. तिने आईला फोनसमोर बोलावलं.

मग म्हणाली, "आई, मीबी भेतो व त्या उताराले. म्हणून तं तू पाह्यजे."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि भाऊंवर डाफरल्या, "आता पाह्यता काय? तिकीट काढा!"

परवा पल्लवीने फोटो पाठवला. चढावरचा रस्ता, साडीवर स्वेटर, पायात जावयाचे बूट. वहिनींचे दोन्ही हात बाळाच्या गाडीवर... आणि तेवढ्याने भागत नाही म्हणून पदराचं टोक गाडीच्या दांड्याला पक्की गाठ मारून बांधलेलं.

इतकी वर्षं सिनेमातल्या पळणाऱ्या गर्दीला मी गर्दीच समजत आलो. आता एखादं शहर हलायला लागलं की माझी नजर आधी बाळगाडी शोधते... आणि ती धरायला कोणी आहे ना, एवढं पाहिल्याशिवाय मला पुढचा प्रलय बघवत नाही.