सुनेचं मेक्सिकन हॉटेल आणि व्याह्यांची ताटली

मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्यावर एक तुर्की हॉटेल आहे आणि त्याच्या बरोबर समोर एक मेक्सिकन. पहिलं एका बिल्डरचं, दुसरं माझ्या सुनेचं. त्यामुळे या विषयावर माझं मत कोणी विचारत नाही. ते बरंच आहे, कारण बाकी प्रत्येकाला मत आहे आणि ते ऐकायला कोणीतरी लागतंच.

तुर्की हॉटेलाचा थाट मोठा. दाराशी निळ्या फरशा, आत पितळी दिवे, आणि मधोमध कारंजं. ज्या वस्तीत नळाला रोज पाणी येत नाही तिथे कारंजं चालवणं हेच खरं ऐश्वर्य, बाकी सगळं दुकानात मिळतं. एक सिंहासनही आहे. त्यावर बसून फोटो काढायचा असतो. साखरपुडा झालेली जोडपी बसतात, नगरसेवक बसतात, आणि एकदा आमच्या गल्लीतले दूधवाले बसलेले मी पाहिले. त्यांना ते सगळ्यांत शोभलं. दारात लाल गोंड्याची टोपी घातलेला एक जण वाकून सलाम करतो. तो एरंडोलकडचा आहे. स्कूटीवरून आलेल्यालाही तो तितकाच वाकतो, एवढं मात्र मला आवडलं.

सकाळी तलावाला फेरी मारणारं आमचं टोळकं आहे. त्यातले नाना मूळचे धुळ्याचे. एसटीतून निवृत्त झाले, मुलाकडे जळगावला आले, पण बोलणं धुळ्यालाच ठेवून आले नाहीत. तुर्की हॉटेल उघडलं त्याच आठवड्यात ते नातवंडांबरोबर जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी फेरीत त्यांनी निकाल दिला.

"भाऊ, वांगं भाजेल व्हतं. बठ्ठं बरोबर. धूर लागेल व्हता, साल काढेल व्हतं. आनि मंग त्याम्हा दही टाकी दिधं."

"मग?"

"मंग काय? कांद्यानी पात नही, मिरची नही, शेंगदाना नही. मी त्याले इचारं, मिरची कोठे शे? तो म्हने, सर, हाई तुर्की शे. मी म्हनं, तुर्कीम्हा मिरची पिकत नही का?"

ज्या जिल्ह्यात थंडी पडली की लोक पोतंभर हिरवी वांगी घेऊन शेतात जातात आणि कपाशीच्या काट्या पेटवून अख्ख्या गल्लीला भरीत खाऊ घालतात, तिथे वांग्याला दही लावणं म्हणजे धाडसच. तुर्की लोकांचा त्यात दोष नाही. त्यांना कोणी सांगितलं नसणार.

आमच्या शेजारच्या अक्का नानांच्या विरुद्ध पक्षाच्या. त्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या मते तुर्की हॉटेलात गाद्या मऊ आहेत, एसी गार आहे आणि भिशीच्या बायका तीन तास बसल्या तरी कोणी उठवत नाही. "जेवायला कोण जातंय तिथे," असं त्या म्हणतात. तिथला आइस्क्रीमवाला लांब दांड्याने कोन पुढे करतो, गिऱ्हाइकाने हात घातला की मागे ओढतो, उलटा करतो, नाकाला टेकवतो. पोरं खिदळतात. अक्कांनी एकदाच हात पुढे केला, त्याने कोन ओढून घेतला. अक्कांनी हात तसाच ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. निम्म्या जळगावला त्या नजरेने पाढे पाठ करायला लावले आहेत. तेव्हापासून तो अक्कांना दोन्ही हातांनी कोन देतो.

सुनेच्या हॉटेलात सिंहासन नाही. सहा-सात टेबलं, पिवळ्या भिंती, आणि एका भिंतीवर रंगवलेलं निवडुंग. त्याच्याखाली मोठी टोपी तोंडावर ओढून झोपलेला एक माणूस. नानांनी विचारलं होतं, हा रोजगार हमीवर शे का. निवडुंगाबद्दल मीही बोललो होतो, की भडगावकडे बांधाबांधावर फुकट मिळालं असतं, रंगवायचे पैसे कशाला. सून हसली नाही. पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात तिने चार वर्षं काढली होती, हे शिकून आली होती, आणि लग्नानंतर जळगावात राहायचं तर स्वतःचं हॉटेल काढून राहीन, असं तिने आम्हाला आधीच सांगितलं होतं. माझा मुलगा बाजारहाट आणि हिशेब पाहतो. चुलीजवळ त्याला येऊ दिलं जात नाही.

तिच्या पदार्थांविषयीही मतं होतीच. राजमा पोळीत गुंडाळून इतके पैसे? ही चटणी म्हणजे टोमॅटो घातलेला ठेचा. अर्धी भाकरी का वाकवून ठेवली आहे? पण लोक यायला लागले होते, कारण तो टोमॅटोचा ठेचा खरोखर झणझणीत होता. कच्च्या केळ्याची भाजी भरून ती मक्याची वाकडी पोळी करायची, त्या पोळीसाठी तर कॉलेजची पोरं थांबून राहायची.

घोडं अडलं होतं ते एका माणसापाशी. तिचे वडील, आमचे व्याही. रावेरच्या बाजूचे, पिढीजात केळीवाले. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्या पट्ट्यात त्यांच्या शब्दाला किंमत. कोणत्या दुकानातून ठिबकच्या नळ्या घ्यायच्या, कोणत्या डॉक्टरकडे जायचं, हे लोक त्यांना विचारून करतात. आबा उद्घाटनाला आले, नारळ फोडला, पेढा कपाळाला लावून खिशात ठेवला आणि गेले. त्यानंतर जळगावला दहादा आले असतील, बाहेरच्या बाकावर बसून लेकीशी बोलले, पण आत येऊन घासभर खाल्लं नाही. कोणी आग्रह केला तर म्हणायचे, "मका आमी कोंबड्यायसाठी पिकवतो बापा."

हे वाक्य जळगावपासून रावेरपर्यंत पोहोचायला दोन दिवस लागले. त्या बाजूची मंडळी कामासाठी शहरात यायची, समोरच्या दारात सलाम घ्यायची आणि दह्याचं वांगं खायची. इकडे आली तर फक्त डोकावायची. एकदा तर अक्कांसमोरच कोणी म्हणालं, "तिचा बापच खात नाही, आपण काय खायचं?" अक्कांनी ते घरी येऊन सांगितलं, कारण काही गोष्टी न सांगणं त्यांना जमत नाही.

सून त्यावर एवढंच म्हणाली, "हॉटेल चालेल न चालेल, ते मी बघीन. आबांनी एकदा खावं. वाईट असेल तर वाईट म्हणावं. पण खाऊन म्हणावं."

त्यानंतर तिने तिच्या परीने सगळं करून पाहिलं. डबे भरून माहेरी पाठवले. ते घरगड्यांनी खाल्ले आणि चांगले झाल्याचा निरोप आला. आबांना आवडतो म्हणून शेवभाजीचा रस्सा करून त्यात मक्याच्या कुरकुरीत चकत्या सोडल्या. आबांनी वाटीकडे पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, माले भूक नाही. मी व्याही या नात्याने दोन शब्द बोललो. परदेशी अन्नाविषयीच्या पूर्वग्रहांवर बोललो, मिरची, टोमॅटो आणि मका हे तिघेही मुळात त्याच मुलखातून आपल्याकडे आले, हेही सांगितलं. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि यंदा पाऊस कसा आहे म्हणतात, असं विचारलं.

आखाजी आली. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी जातात आणि त्यांना न्यायला माहेरचं माणूस येतं. सुनेला भाऊ नाही, म्हणून आबाच येतात. त्या दिवशी तिने दुपारी हॉटेल बंद करून निघायचं ठरवलं होतं, पण वाढदिवसाचं एक मोठं टोळकं बसलेलं होतं आणि ते उठायला तयार नव्हतं. बाहेर ऊन असं होतं की बाकावर बसणं शक्य नव्हतं. आबा पहिल्यांदाच आत आले आणि पंख्याखालच्या टेबलाशी बसले. मी त्यांच्या समोर बसलो. नाना आणि अक्का पलीकडच्या टेबलावर होते. ते सहज आले होते असं दोघांचंही म्हणणं आहे.

दाराजवळच्या टेबलाशी आबांच्या गावाकडचे तिघे बसलेले होते. ट्रॅक्टरच्या कामाला आले होते, उन्हामुळे आत शिरले होते आणि नुसती लिंबू सरबतं घेऊन बसले होते. आबांना पाहून ते उठले, रामराम झाला, पुन्हा बसले. आता सगळे आबांकडे पाहत होते.

सुनेने एक ताटली आणून ठेवली. केळ्याची ती वाकडी पोळी, वर कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड.

"आबा, एकच. माझ्यासाठी."

"पोट भरेल हाये."

"सकाळी सहाला निघालात. पोट कुठून भरलं?"

आबांनी आपल्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि दोन घोट प्यायले. टेबलावर हॉटेलचं गार पाणी होतंच. मी त्या बाटलीकडे पाहत राहिलो. आमच्या घरी येतात तेव्हाही ती बाटली असते, हे मला चार वर्षं माहीत होतं, आणि त्याचं कारणही माहीत होतं. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा त्यांच्याकडचा जुना नेम. घरी आम्ही तो पाळायचो, आग्रह करायचो नाही. हॉटेलात मात्र तो कोणाच्या डोक्यात आला नव्हता. तिथे आम्ही सगळे मक्याशी भांडत बसलो होतो.

तेवढ्यात आबांनी शेजारून जाणाऱ्या वेटरला थांबवलं आणि हळूच विचारलं, "हे कितीले हाये?"

वेटर कौतुकाने हसला. "आबा, तुमच्याकडून बिल घ्यायचं नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय."

आबांनी ताटली दोन बोटांनी पुढे सरकवली. रागाने नाही. वहिवाट अशी असते की त्यात राग लागत नाही.

सून तिथेच उभी होती. तिने ताटलीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं. मग ती ताटली उचलून आत गेली. अक्का म्हणाल्या, "चिडली पोरगी." नानांनी मान हलवली, म्हणजे त्यांनाही तसंच वाटलं असणार.

ती परत आली तेव्हा तिने अ‍ॅप्रन काढलेला होता, हातात मेनूकार्ड होतं आणि कानामागे पेन. आबांसमोर कार्ड उघडून ठेवलं आणि कुठल्याही गिऱ्हाइकाशी बोलावं तशी म्हणाली, "बोला काका, काय आणू?"

मी आयुष्यात बरीच व्यासपीठं, सत्कार आणि शाली पाहिल्या आहेत. एका लेकीने बापाला काका म्हणून त्याचा इतका मान राखलेला दुसरीकडे पाहिला नाही.

आबांनी खिशातून चष्मा काढला. कार्ड त्यांनी उजवीकडून वाचायला सुरुवात केली, म्हणजे भावापासून.

"हे लई लावेल हाये."

"भाव ठरलेला आहे काका."

"केयं तं आमचंच हाये."

"केळं तुमचं. करणावळ माझी."

दाराजवळच्या तिघांपैकी एक जण हसला. आबांनी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

"सरकारचा कर येगया का?"

"वेगळा."

आबांनी मान हलवली. आता व्यवहार नीट झाला होता. "आन मंग एक. तिखट असू दे."

ताटली आली. आबांनी ती वाकडी पोळी आधी सरळ केली, कारण भाकरी अशी खायची नसते, आणि भाजीचा घास तोडून घेतला. दुसरा घास घेतला. अक्का मान लांब करून पाहत होत्या. आबांच्या कपाळावर घाम आला, त्यांनी उपरण्याने तो पुसला आणि हॉटेलचा पेला उचलून गार पाणी घटाघटा प्यायलं. पाणी बिलात धरलेलं नव्हतं, पण आता ते गिऱ्हाईक होते आणि गिऱ्हाइकाला पाणी फुकटच असतं.

ताटली पुसून झाल्यावर ते म्हणाले, "अजून एक."

दुसरी खाऊन झाल्यावर गावाकडच्या तिघांकडे वळून म्हणाले, "सरबतानं काय होते? खा ना बापा. मका चांगला भाजेल हाये."

तिघांनी एकदम वेटरला हाक मारली. नाना माझ्याकडे वाकून म्हणाले, "भाऊ, समोरना सुलतानले सांगा, सिंहासन आते उचली इकडे लई ये." अक्कांनी त्यांना गप्प बसवलं, पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात माझा मुलगा उभा होता. चुलीजवळ जायची परवानगी नसल्यामुळे तो दारातच डोळे पुसत होता. कांद्यामुळे, असं त्याने नंतर सांगितलं.

सुनेने बिल आणून ठेवलं. आबांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, पैसे मोजून ठेवले, बिलाची घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली आणि उठता उठता म्हणाले, "आता तुह्या मायले दोन बांधून दे. तिनं बी खाल्लं नाही अजून. तिचं येगयं बिल कर."

मायचाही तोच नेम होता. सुनेने दोन बांधून दिल्या, वेगळं बिल केलं आणि त्यात पार्सलच्या डब्याचेही पैसे लावले. आबांनी तेही दिले. मग डबा एका हातात आणि लेकीची बॅग दुसऱ्या हातात घेऊन ते उन्हात गाडीकडे निघाले, आणि ती त्यांच्यापुढे चालत होती.