आत्यांचा रकाना

दर गुरुवारी सकाळी घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसते. स्तनाच्या कॅन्सरसाठी बायका येतात. त्यांच्या नात्यात आणखी कोणाला हा आजार होता का, ते विचारून फॉर्म भरायचा, एवढंच माझं काम. पगार नाही. माझं स्वतःचं ऑपरेशन झालं आणि घरी बसून लोकांची कीव झेलायचा कंटाळा आला, म्हणून जायला लागले. फॉर्म डॉक्टरीणबाईंकडे जातो. आजार रक्ताच्या नात्यातून आलाय का, हे बघणारी तपासणी करायची की नाही, ते त्या त्यावरून ठरवतात.

चार वर्षांपूर्वी जोगेश्वरीहून एक बाई आली, माझ्यासारखीच पन्नाशीची. सोबत तिचे वडील. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करून तीन मुलं वाढवलेला माणूस. बायको अपघातात लवकर गेलेली. मी विचारलं, घरात कोणाला असं काही? बाईने वडिलांकडे पाहिलं.

"आमच्या घरात कोणाकच नाय," ते म्हणाले.

आमच्याच बाजूचा माणूस भेटला म्हणून मला बरं वाटलं. गावच्या गप्पा झाल्या, मी "नाही" लिहिलं आणि फॉर्म पुढे पाठवला. ती तपासणी झालीच नाही. गाठ काढली, औषधं झाली, बाई कामावर जायला लागली.

दोन वर्षांनी दुसऱ्या बाजूला निघालं, तेही लिव्हरपर्यंत पोचलेलं. वॉर्डात तिच्या उशाशी वडील बसले होते. मी भेटायला गेले, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्यो दोनय भयणी अश्योच गेल्यो."

मी त्यांच्यावर ओरडले. भर वॉर्डात, आजारी बायकांसमोर. हे आधी का नाही सांगितलं म्हणून. त्यांना माझा प्रश्नच कळेना. तुम्ही घरातलं विचारलंत, म्हणाले. बहिणी लग्न होऊन कधीच गेल्या, एक कणकवलीला, एक मालवणला. त्यांची दुखणी त्यांच्या सासरची.

म्हातारा खोटं बोलत नव्हता. राग खरा माझा मलाच आला होता. गावी आमच्या कुळाची वंशावळ फ्रेम करून लावली आहे. तिच्यात माझे भाऊ आहेत, त्यांचे मुलगे आहेत, मी नाही. हा आजार बापाकडूनही येतो, तेही मला माहीत होतं. तरी मी "घरात" असंच विचारलं, आणि मिळालेल्या उत्तरावर खूश होऊन गावच्या गप्पा मारत बसले. याची लाज अजून गेलेली नाही.

मग तिचं रक्त तपासलं, पिढीजात दोष सापडला, आणि गणपतीच्या आधी ती गेली.

तेव्हापासून प्रत्येक फॉर्मवर मी पेनाने एक जास्तीचा रकाना आखते. आत्या किती, कुठे दिल्या, कशाने गेल्या. बायका वैतागतात, मीही वैतागते, पण उत्तर घेतल्याशिवाय सोडत नाही.

डॉक्टरीणबाईंनी जोगेश्वरीच्या त्या बाईच्या भावाला आणि धाकट्या बहिणीलाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. दोष त्यांच्यातही असण्याची शक्यता निम्मी. भावाने तपासून घेतलं, त्याच्यात निघाला. त्याला आठवीतली मुलगी आहे. धाकटी बहीण चाळिशीची, नाहूरला दिलेली. ती फोन उचलेना. शेवटी मीच तिच्या घरी गेले.

सासूने पोहे दिले, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. आता कळलं तर वेळेत काही करता येईल, थोरलीसारखं होणार नाही, असं मी पुन्हा पुन्हा सांगितलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ती आता आमच्या घरची आहे. माहेरचं दुखणं तिच्या मागे कशाला लावताय?" मंगळसूत्र घातल्याने रक्त बदलत नाही, असं मी बोलून गेले. त्यांनी माझ्यापुढचा कप उचलला. धाकटीचा नवरा टीव्ही बघत राहिला.

धाकटी मला गेटपर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, गुरुवारी ये, कोणाला कळणार नाही, मी तुझ्याबरोबर बसेन.

"नाही जमणार ना, ताई. रिपोर्ट वाईट आला तर हे लोक मला जोगेश्वरीला पाठवून देतील. तिथे एकच खोली आहे."

मी पिशवीतला कोरा फॉर्म तिच्या हातात दिला. तिने तो उघडला, पेनाने आखलेल्या रकान्यावर बोट ठेवलं, मग घडी घालून मला परत दिला.

"दादाची मुलगी कधी तुमच्या टेबलाशी आली, तर इथे मला लिहा," ती म्हणाली. "मी तिची आत्या आहे."