कुड्या घालून वाकताना
लेक हिऱ्याच्या कुड्या घ्यायला निघाली, तेव्हा मी कपाटातून सोनाराचा जुना गुलाबी कागद काढला आणि माझ्या लग्नाआधीचं साकोलीचं दुकान डोळ्यांपुढे उभं राहिलं. सोनाराने कुड्यांचे दोन जोड दाखवले. माझं मन मोठ्यावर बसलं. आईने तो उलटा केला. "हा मांगून बंद काहून हाये जी?" "आत पत्रा आहे बाई, त्यानं चमक येते." "मंग चमक हिऱ्याची का पत्र्याची?" मी रुसले. तिने मागून उघडा, लहानसा जोड दारातल्या उन्हात पाहिला, माझ्या कानांत घालून फिरक्या आवळल्या आणि म्हणाली, "आता वाक, रोवणा लावतेस तशी." भर दुकानात! पण तिची एक कुडी रोवण्यात, धानाची रोपं लावताना, चिखलात गेली होती, आणि उरलेली ती माझ्यासाठी मोडायला घेऊन आली होती. मी ओणवी झाले, जोरजोरात मान हलवली. कुड्या जागच्या हलल्या नाहीत. दुपारी लेकीचा दुकानातून फोन आला, "घेऊ का गं?" मी म्हटलं, "आधी वाकून पाहा." जन्मात कधी धानाच्या बांधीत न उतरलेली माझी पोर हसली, "थांब हं" म्हणून वाकली, आणि धापा टाकत म्हणाली, "आई, दोन्ही जागेवर आहेत."