ओट्यावरची काडीपेटी

बायको मथुराबाई वारल्यापासून अणदूरच्या गोरोबांच्या ओट्यावर माणसं यायची ती बिडी पेटवायलाच. उमरग्याच्या डॉक्टरांनी बिडी सोडायला सांगितलं, तेव्हा गोरोबांना ती माणसं यायची बंद होतील, याचीच काळजी लागली. तरी त्यांनी बिडी सोडली आणि ओट्यावरची काडीपेटी चुलीपाशी नेऊन ठेवली.

"आता तुमच्या ओट्यावर काय भजन करायला बसायचं?" शेजारचे हिंमतराव हसून म्हणाले आणि येईनासे झाले.

खोकला थांबला, तसं घर जास्तच गप्प वाटू लागलं. एका संध्याकाळी हिंमतराव बिडी चिमटीत धरून रस्त्यानं चालले होते. गोरोबांनी घाईनं चुलीजवळची काडीपेटी आणली.

"हिंमतराव, या की. काडी हाय."

हिंमतरावांनी बिडी शिलगावली. "अन् तुमी?"

"मला नको. तुमी सावकाश ओढा."