तोक्सानबाय आगांची अर्धी दुवा

आधीच सांगून टाकतो, मला त्या शोरूमच्या काचा फोडायच्या होत्या. दगडही हेरून ठेवला होता. तोक्सानबाय आगांनी तो टाकून द्यायला लावला, आणि नंतर त्यांनी जे केलं ते माझ्या दगडाला सात जन्मांत जमलं नसतं.

आगा माझे शेजारी. ते जन्मले त्या वर्षी त्यांचे आजोबा नव्वदीला पोचले, म्हणून नाव तोक्सानबाय, नव्वदवाला. आम्ही दोघांनी एकाच आगारात बस चालवली, मी बावीस वर्षं, त्यांनी एकतीस. पण अख्ख्या ताल्दिकोर्गान शहरात त्यांना ओळखतात ते दुवेसाठी. लग्न असो, बाळाला पाळण्यात घालायचं असो, नवीन घर असो, दुवा द्यायला आगाच हवेत. तळवे आभाळाकडे करून ते बोलायला लागले की भांडून आलेले व्याहीसुद्धा गप्प बसायचे. दुवा पुरी झाली की आगा ‘आमीन’ म्हणून तळवे चेहऱ्यावरून फिरवणार, मग बाकीच्यांनी फिरवायचे. तोवर हात खाली घ्यायचे नाहीत, नाहीतर दुवा सांडते म्हणतात. एका लग्नात आगांना मध्येच खोकल्याची उबळ आली, तर दोनशे माणसं तशीच हात वर करून उभी राहिली, आचारी आणि फोटोवाल्यासकट.

त्यांची बायको कुलपाशआपा मागच्या हिवाळ्यात बर्फावर घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. जोडला, पण पाय फार वर उचलवत नाही आणि फार खालीही बसवत नाही. आगांची जुनी जीप उंच, तिच्यात चढता येईना. टॅक्सी बुटकी. एकदा बसल्या, तर उतरवताना मी आणि आगांनी ओढलं आणि आपा अशा किंचाळल्या की ड्रायव्हर भाडं न घेताच पळाला. आणि आपांची थोरली बहीण शार्बान राहते कारातासला, पस्तीस किलोमीटर दगडधोंड्यांच्या रस्त्यानं. वय ब्याऐंशी, ठार बहिरी. फोनवर काय बोलणार, कपाळ? दहा महिने बहिणींची गाठ नव्हती.

म्हणून गाडी हवी होती. सीट बेताच्या उंचीची आणि त्या रस्त्यावर खुब्याला हिसके न देणारी. आता हे बसून, चालवून पाहिल्याशिवाय कळणार कसं? आपांना घेऊन कारातासच्या रस्त्यावर थोडं जाऊन येऊ द्या, एवढंच मागणं होतं.

पहिल्या शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हची गाडी नेहमी बाहेर गेलेली. सोमवारी या. सोमवारी गेलो तर गुरुवारी या. दुसऱ्या शोरूममध्ये विक्रेत्यानं स्वतःच स्टिअरिंग धरलं. आगांना म्हणतो कसा, “आजोबा, तुमचं वय झालं, तुम्ही नुसते शेजारी बसा.” एकतीस वर्षं घाटात बस चालवलेल्या माणसाला! मी तिथेच त्याची गचांडी धरणार होतो.

तिसरं शोरूम झासुलानचं. पस्तिशीचा असेल, केसांना चोपून तेल लावलेला, बोलणं मधासारखं. “दहाला या, गाडी तयार ठेवतो.” आम्ही आपांना चाकाच्या खुर्चीतून दहाला नेलं. नोव्हेंबरचा महिना, बाहेर चिखल. एक वाजेपर्यंत आपा दारापाशी, वाऱ्यात. गाडी समोर उभी होती बरं का, कुठे गेली नव्हती! मग फरच्या कॉलरचा एक माणूस आला आणि झासुलाननं किल्ली सरळ त्याच्या हातात दिली. तो अर्धा तास भटकून आला, तेव्हा कुठे आमचा नंबर लागला.

झासुलाननं सीटवर वर्तमानपत्र पसरलं आणि आपांपुढे दोन निळे प्लास्टिकचे मोजे टाकले, दवाखान्यात बुटांवर चढवतात तसले. “बूट चिखलाचे आहेत आजी, हे घाला.” आपांना वाकता येत नाही हे आंधळ्यालाही दिसलं असतं. हा हाताची घडी घालून उभा! शेवटी आगा त्या चिखलात गुडघे टेकून बसले आणि बायकोच्या बुटांवर ते मोजे चढवले. आत लोक बघत होते. आपांनी डोळे मिटून घेतले.

मग झासुलाननं गाडी अंगणातच एकदा गोल फिरवली आणि दारात आणून थांबवली. “झालं.” आगा म्हणाले, “अरे बाळा, दगडाच्या रस्त्यावर न्यायची होती.” तर म्हणतो, “आजोबा, ही ॲम्ब्युलन्स नाही. आधी पैसे भरा, मग आजीला चंद्रावर न्या.” आतून दोघंतिघं फिदीफिदी हसले.

घरी आल्यावर आपा एवढंच म्हणाल्या, “मला आता कुठेही नेऊ नका. शार्बानला कळवा, मी गेले म्हणून.” त्या दिवसापासून त्यांनी उंबरा ओलांडला नाही. आगांनी ते निळे मोजे धुतले, वाळवले आणि कोटाच्या खिशात ठेवले.

तीन आठवड्यांनी झासुलानचा चुलतभाऊ आगांच्या दारात. शोरूमचं नवीन दालन उघडतंय, दुवा द्यायला चला, म्हणे झासुलानच्या आईचा हट्टच आहे की तोक्सानबायच हवेत. मी उडीच मारली. “आगा, चला! आणि तळवे उलटे करा! उलटी दुवा द्या मेल्याला, सात पिढ्या लक्षात ठेवतील!”

“उलटी दुवा तोंडातून काढली की देणाऱ्याचंही तोंड कडू होतं, कुआन,” आगा म्हणाले. “मी सरळच देणार. त्यानं आपल्याला जेवढी गाडी दिली तेवढी.” मला तेव्हा काही कळलं नाही.

शनिवारी सकाळी अकराला नवीन दालनात शंभरेक माणसं जमली होती. मेंढे शिजलेले, फीत बांधलेली, माईकही होता. दुवेशिवाय फीत कापायची नाही आणि मांसाला हात लावायचा नाही. झासुलाननं आगांना ओळखलं नाही. कशाला ओळखेल? त्यानं तेव्हा बघितलं होतं कुठे, नुसते बूट बघितले होते. पुढच्या खुर्चीवर त्याची म्हातारी आई पांढरा रुमाल बांधून बसली होती.

आगांनी तळवे वर केले. सगळ्यांनी केले. “या दाराला कुलूप लागायची वेळ न येवो. या चाकांना खड्डा न लागो. इथून निघालेला माणूस आपल्या माणसापर्यंत सुखरूप पोचो...” म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि आगा थांबले. लोकांना वाटलं, दम घेताहेत. आगांनी हात खाली घेतले आणि खिशात घातले. आमीन नाही, काही नाही.

“झालं,” आगा म्हणाले.

शंभर माणसं तळवे वर करून उभी. झासुलान हळूच, वडीलधाऱ्यांना हाक मारतात तसं म्हणाला, “अक्साकाल, पुढचं?”

“पुढचं कसलं? ही टेस्ट होती. अंगणातली. पूर्ण दुवा हवी असेल तर दहाला येऊन बस, एकला बघू. आणि आधी हे घाल.” आगांनी खिशातून निळे मोजे काढून त्याच्या चकचकीत बुटांपुढे टाकले. तेव्हा त्याला आठवलं. चेहरा असा पडला म्हणता! देवाशपथ सांगतो, मला माझ्या लग्नातही इतका आनंद झाला नव्हता.

“काय केलंस रे तू यांना?” म्हातारी ओरडली. हात मात्र तसेच वर.

मग मीच सांगितलं, माईकवरून! वारा, चिखल, वर्तमानपत्र, चंद्र, काही सोडलं नाही. तो मध्येच म्हणाला, “अक्साकाल, चूक झाली, वाटेल ती गाडी उचला, किंमत अर्धी करतो.”

“भीक नको,” आगा म्हणाले. “टेस्ट ड्राइव्ह हवी. कारातासपर्यंत.”

“जा!” म्हातारी म्हणाली. “आत्ता. दुवा पुरी होईपर्यंत मी हात खाली घेणार नाही आणि इथे कुणी जेवणार नाही.”

गाडी दारात लावून आगा घरात शिरले आणि म्हणाले, “चल कुलपाश, तुझा नंबर आला.” आपांनी विचारलं, “किती वेळ थांबायचंय?” “आज ते थांबणार आहेत.” आपांनी खिडकीतून पाहिलं. झासुलान मागच्या सीटवर, खाली वर्तमानपत्र, पायांत निळे मोजे, शेजारी मी. आपांनी कोट मागितला.

सीटवर त्या आपल्या आपण बसल्या. आगांनी त्या रस्त्यावर गाडी अशी नेली की मागे माझे दात वाजत होते, पण पुढून हूं की चूं नाही. कारातासला आपा स्वतःच उतरल्या. शार्बान दारात आली, बहिणीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि मोठमोठ्यानं बोलायला लागली, बहिरी माणसं बोलतात तशी. अख्ख्या गावानं ऐकलं, “मला म्हणाले तू मेलीस!” आपांचा तो निरोप कुणीतरी खरंच पोचवला होता. दोघी रडत आत गेल्या.

झासुलान थंडीत गाडीपाशी उभा. दर दहा मिनिटांनी मला विचारी, “झालं का?” मी म्हणे, “थोडा वेळ लागेल, आत गिऱ्हाईक आहे.” आत गरम चहा आणि तळलेले बाउर्साक होते, कणकेचे फुगलेले गोळे. मी खिडकीत बसून, त्याच्याकडे बघत बघत सात खाल्ले.

साडेतीनला आम्ही परतलो. मांस दोनदा गरम करून झालं होतं आणि कुणी घरी गेलं नव्हतं. म्हातारीचे हात मांडीवर होते, पण तळवे वरच. आगा तिच्यासमोर गेले आणि उरलेली दुवा त्यांनी दिली, सगळी तिच्या नावानं. दुकानाचं नावसुद्धा घेतलं नाही. आमीन म्हटल्यावर म्हातारीनं चेहऱ्यावरून हात फिरवले आणि खांदे चोळत बसली.

झासुलान कागद घेऊन बाहेर, गाडीपाशी धावला. निळे मोजे अजून पायांतच. “आपा, आवडली ना? सही करायची?”

“गाडी उत्तम आहे,” आपा म्हणाल्या. “चढता येतं, उतरता येतं, खुबा दुखला नाही. हीच घेऊ.” त्याचा जीव भांड्यात पडला. “दुसऱ्या दुकानातून. आता वाक आणि ते मोजे काढून दे. तिथे लागतील.”

तो वाकला. आपांनी मोजे घडी करून पिशवीत ठेवले आणि म्हणाल्या, “कुआन, डिकीतली खुर्ची आण. घरी जाऊ.”