वीतभर माणसांचे केप

पहिला केप मी शिवला तो जळगावच्या उन्हामुळे.

माझा मावसभाऊ नोकरीसाठी परदेशी गेला. जाण्याआधी त्याने लहानपणापासून जमवलेल्या सुपरहिरोंच्या बाहुल्यांचं खोकं आमच्याकडे आणून ठेवलं. "माझ्यापेक्षा तूच जास्त खेळायचीस यांच्याशी. तूच सांभाळ," म्हणाला. खरंच होतं ते. वीतभर उंचीचे, गुडघ्यात-कोपरात वाकणारे, छाती पुढे काढून उभे राहणारे ते गडी मला भातुकलीपेक्षा कितीतरी जास्त आवडायचे. पण तेव्हा मी बी.कॉम. होऊन एका ऑफिसात बिलं बनवत होते. खोकं वरच्या पत्र्याच्या खोलीत गेलं आणि तिथेच राहिलं.

मे महिन्यात आई कुरडया घालायला गच्चीवर गेली, तिच्या मदतीला मी गेले. सावलीला म्हणून पत्र्याच्या खोलीत शिरले आणि सहज खोकं उघडलं. गडी शाबूत होते, पण त्यांच्या पाठीवरचे प्लास्टिकचे केप भाजलेल्या पापडासारखे वळले होते. एकाचा तर मऊ पडून खांद्यालाच चिकटला होता. मी तो सुरीने सोडवला. केप निघाल्यावर तो माणूस अंघोळीला निघालेल्या बाप्यासारखा दिसायला लागला. मला ते बघवेना.

वडिलांची एक छत्री काड्या मोडून कोपऱ्यात पडली होती. तिचं काळं कापड काढलं, अंदाजाने कापलं, मानेशी चुण्या घालून टाचलं. केप झाला, पण पाठीवर पुठ्ठ्यासारखा उभा राहिला. आपल्या अंगावर जे कापड झुळझुळीत वाटतं, ते इतक्या लहान माणसावर गोधडीसारखं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. कडा दुमडून शिवल्या की जाड दोरीच तयार व्हायची. मग कडा दुमडायच्याच नाहीत असं ठरवलं. देवघरातली उदबत्ती पेटवून तिचं टोक कापडाच्या कडेवरून हलकेच फिरवलं. धागे वितळून जागच्या जागी बसले. आईने विचारलं, "आज अवेळी देवाला उदबत्ती?" मी म्हटलं, "देवाला नाही."

तो केप अंगावर नीट पडायला लागला, पण उडेना. उडायला त्याच्या कडेत बारीक तार हवी, हे दिसत होतं. फुलांच्या गुच्छाची तार घातली, तर कापड तारेवर वाळत घातल्यासारखं दिसलं. मग एक दिवस ऑफिसातून येताना पंपाच्या मोटरींमध्ये नवी तार भरून देणाऱ्या चाचांच्या दुकानापाशी थांबले. केळीच्या बागावाल्यांच्या जळालेल्या मोटरी तिथे दारापर्यंत रचलेल्या असतात. चाचा तांब्याची तार गुंडाळत बसले होते.

"क्या हुआ बेटा, पंखा जल गया?"

"नाही चाचा. मला थोडी तार हवी. एकदम बारीक."

"किसके वास्ते?"

मी पर्समधून तो गडी काढला. चाचांनी चष्मा वर केला, केप दोन बोटांत धरून पाहिला. "उडवायचाय?" असं मराठीत विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता आतून केसासारख्या तारेचं रीळ घेऊन आले. ते हसले नाहीत. मी त्या वेळी तयारीनेच गेले होते की हे हसले तर काय बोलायचं, त्यामुळे मला उलट गोंधळल्यासारखं झालं.

ती तार कडेला घातली, केप एका बाजूला जरा वळवला आणि गड्याला गच्चीच्या कठड्यावर उभं केलं. मागे आकाश. वारा नव्हता, जळगावात त्या दिवसांत नसतोच, पण फोटोत वादळ आल्यासारखं दिसत होतं. तो फोटो मी मोबाइलवर अशा बाहुल्या जमवणाऱ्या लोकांच्या एका गटात टाकला. कोलकात्याच्या कुणीतरी विचारलं, माझ्यासाठी लाल शिवशील का? मग पुण्याहून, मग कुठूनकुठून. माणसं तिकडून मापं आणि पैसे पाठवायची, मी इथून केप पाठवायचे. बाजारातल्या कापडाच्या दुकानातले शेठजी माझ्यासाठी अस्तराचे आणि जॉर्जेटचे कटपीस बाजूला काढून ठेवायला लागले. माझ्या ऑर्डरी वाढल्या, मी ऑफिस सोडलं, आणि तिथून घरात कुरबुर सुरू झाली.

वडील डाळमिलमध्ये मुकादम. ते भांडले नाहीत. फक्त कुणी विचारलं की "ती सध्या घरीच असते" असं सांगायचे. आईला माझं लग्न हवं होतं, आणि ते ती लपवायची नाही. खरा आवाज असायचा तो आमच्या आत्याचा. ती धुळ्याला राहते, वडिलांपेक्षा मोठी, सगळे तिला अक्का म्हणतात. आली की आधी माझ्या कपाटासमोर उभी राहायची. काचेआड रांगेने उभे असलेले माझे गडी बघायची आणि कपाळाला हात लावायची.

"हाई काय शे व माय? लगीननं वय व्हई गयं, आनि बाहुल्यास्ना कपडा शिवी राहिनी! बठ्ठा लोके हसतस."

"हसू देत ना अक्का."

"तुले काय व्हयनं हसाले? आम्हले तोंड दाखवनं पडस."

मला एक गोष्ट कधीच समजली नाही. आमच्या गल्लीत माणसं दिवसभर टीव्हीवर क्रिकेट बघतात. कुणी कबुतरं पाळतं, कुणी जुनी गाडी रोज पुसून पुन्हा झाकून ठेवतं. त्यांना कुणी विचारत नाही, याचा उपयोग काय. बाईने स्वेटर विणला तर कौतुक होतं. तीच सुई, तोच दोरा, पण मी सुपरहिरोच्या पाठीवर केप टाचला की घराण्याची अब्रू जाते. मी आधी आधी समजावून सांगायचे, की ही कला आहे, मागणी आहे, वगैरे. नंतर ते सोडून दिलं. आवडतं म्हणून करते, एवढंच सांगायला लागले. त्याने लोक जास्त चिडतात, असा माझा अनुभव आहे.

अक्कानेच शिरपूरचं ठिकाण आणलं. मुलगा इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवणारा, घरचं बरं, माणसं सभ्य. पाहायला येणार त्याच्या आदल्या दिवशी अक्का धुळ्याहून आली आणि तिने सरळ माझ्या कपाटाच्या काचेवर चादर टाकली. शेजारच्या काकूंकडून भरतकामाचा टेबलक्लॉथ मागून आणला आणि बैठकीच्या टीपॉयवर पसरला. कुणी विचारलं तर तो माझा, असं ठरलं.

"मी साडी नेसते, पोहे करते, खाली बघून बस म्हणाल तर तेही करते," मी आईला म्हटलं. "पण हा टेबलक्लॉथ माझा म्हणून सांगणार नाही."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे," आई म्हणाली.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आई-वडील आणि एक काका. पोहे झाले, चहा झाला. मुलगा चांगला होता, उगीच कशाला खोटं बोलू. त्याने पंख्याखालची जागा स्वतःच्या वडिलांना न देता माझ्या वडिलांना दिली, ते मला आवडलं. मग त्याच्या आईने टेबलक्लॉथवरून हात फिरवला.

"भरतकाम किती सुबक आहे! मुलीनंच केलंय का?"

"हो, तिनंच," अक्का म्हणाली. पाहुण्यांसमोर ती शुद्ध बोलते.

"नाही काकू," मी म्हटलं. "ते शेजारच्या काकूंचं आहे. मी शिवते ते वेगळं आहे. दाखवू का?"

अक्काने माझ्याकडे असं पाहिलं, की तिथल्या तिथे माझी राख व्हावी. पण पाहुण्यांसमोर तिला काही करता येईना. मी आत गेले, चादर ओढली, चहाच्या ट्रेमध्ये चार-पाच गडी उभे केले आणि ट्रे टीपॉयवर आणून ठेवला. त्या भरतकामाच्या मधोमध ते छाती काढून उभे राहिले, काळे, लाल, जांभळे केप पसरून. एकाचा मी कडेने मुद्दाम फाटका केला होता, लढाईतून आल्यासारखा.

काकांनी खाकरून घसा साफ केला. मुलाने एक उचलला, केपाचं टोक हळूच वाकवलं आणि ते तसंच राहिल्याचं बघून हसला. "यात तार आहे?"

"तांब्याची. मोटरीतली."

"मस्त."

त्याच्या आईने मात्र हात मांडीवर घेतले. "आणि माणसांचं काही शिवता की नाही?"

"नाही काकू. माणसांचं शिवणारे गावात पुष्कळ आहेत."

पाहुणे गेल्यावर अक्का तडक पिशवी उचलून एसटीला निघाली, याचं मला फार भय वाटलं. आईने टेबलक्लॉथ घडी करून शेजारी देऊन टाकला. मला वाटलं, विषय संपला. पण थोड्या दिवसांनी शिरपूरहून निरोप आला, मुलगी पसंत आहे. घरात आनंद झाला. वडील संध्याकाळी येताना जिलेबी घेऊन आले. निरोपाला एक पुस्ती होती, ती मला मुलाने स्वतः फोनवर सांगितली.

"आईचं एवढंच म्हणणं आहे, की लग्नानंतर हे बंद करावं. दोन-चार शोकेसमध्ये ठेवायला हरकत नाही."

"आणि तुमचं म्हणणं?"

"मला आवडले ते. खरंच. पण घरात रोजची कटकट नको ना."

"तुम्ही शिकवणं बंद करा, असं मी म्हटलं तर?"

"ते वेगळं. ती नोकरी आहे."

"मीही सकाळी उठून दिवसभर हेच करते."

"विचार करून सांगा," म्हणाला. आवाजात राग नव्हता. मला वाटतं, मी हो म्हणेन याची त्याला खात्री होती.

"विचार झालाय," मी म्हटलं. "माझं नाही म्हणून सांगा."

फोन ठेवला. वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? पंख्याखालची ती जागा आठवली. पण आपण उद्या कपाटाकडे पाठ करून कुणासाठी तरी पोळ्या लाटतोय, आणि आतले चार गडी शोभेचे म्हणून धूळ खात उभे आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी अर्धवट राहिलेला केप शिवायला घेतला.

रात्री मी घरी नकाराचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अक्का एसटीने जळगावला हजर. दारातूनच सुरुवात. "काय व्हयनं तुले? इतलं चांगलं ठिकान परत येवाव नही! कोन्हासाठे? त्या प्लास्टिकना बाहुल्यास्नासाठे?"

"माझ्यासाठी, अक्का."

वडील खुर्चीत बसून होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. मला सगळ्यात जास्त ते लागलं. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. तिचे डोळे रडून सुजलेले होते. मला वाटलं, आता हीसुद्धा.

"अक्का," आई म्हणाली, "मला हे ठिकाण हवं होतं. अजून हवंय. पण संसार तिला करायचाय आणि ती नाही म्हणतेय. नंबर द्या. शिरपूरला मीच कळवते."

"तू कळवशील?"

"मुलगी माझी आहे. नकार मी देणार."

आणि तिने दिला. माझ्यासमोर बसून, हुंदका गिळत, नीट शब्दांत. "तुमची माणसं चांगली आहेत, आमची मुलगी तिचं काम सोडणार नाही," एवढंच. माझ्या गुणांची, हुशारीची तारीफ नाही की माफी नाही. फोन ठेवून ती पुन्हा भाजी निवडायला बसली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. वडील तर बरेच दिवस ताट घेऊन एकटेच जेवायला बसायचे.

धुळ्याला चुलतबहिणीच्या लग्नात माझी कीर्ती माझ्याआधी पोचली होती. हळदीला बसलेल्या बायका एकमेकींना कोपर मारून दाखवत होत्या, "तीच ती, बाहुल्यांवाली." एक जरा जास्त हौशी मामी सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "आमच्या नवरदेवालाही शिव गं एखादं फडकं, उडत येईल मांडवात!" मांडव हसला. तोंड लपवून आत जायचं असतं अशा वेळी. मी पिशवीतून टेप काढली, ती तेव्हा माझ्याकडे असायचीच, आणि म्हटलं, "शिवते की. बोलवा त्यांना, खांद्याचं माप घेते." मी टेप हातात धरून त्यांच्यासमोर उभीच राहिले. शेवटी त्याच म्हणाल्या, "जेवायला चल, पंगत बसली."

आता पुढच्या खोलीत खिडकीजवळ माझं मशीन आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला रस्त्यावरून दिसतं. लग्न झालेलं नाही. होईल किंवा नाही होणार, पण अट घालून होणार नाही. वडील पुन्हा आमच्याबरोबर जेवतात. माझ्या कामाबद्दल ते अजून काही विचारत नाहीत आणि मी सांगत नाही.

परवा अक्का आली. तिच्या गुडघ्याचं दुखणं दाखवायला इथल्या डॉक्टरकडे यायचं होतं. मी मशीनवर होते, उठले नाही, कारण रेशमाची एक नाजूक शिवण मध्येच सोडली असती तर ओढ आली असती. ती पलंगावर पाय लांब करून बसली. आईने तिला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आणून दिला. ती जेवता जेवता माझ्या हातांकडे बघत होती.

"हाऊ कोन?" मशीनशेजारच्या गड्याकडे बोट दाखवून तिने विचारलं.

मी सांगितलं, कोण आहे, काय करतो, कुणाशी लढतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पाण्याचा तांब्या उचलला.

"आनि बायको नही त्याले?"

"नाही."

"मंग बी बरं चाली राहिनं त्यानं," अक्का म्हणाली आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.