कायम म्हणजे किती वर्षं

एचआयव्हीच्या तपासणी केंद्रात समुपदेशक म्हणून लागले, तेव्हा मला आधी एक छापील कागद वाचायला शिकवला. तपासणीला आलेल्या प्रत्येकाला तो वाचून दाखवायचा, मग सही किंवा अंगठा घ्यायचा. त्यात एक ओळ होती: तुमची माहिती कायम गुप्त ठेवली जाईल. धाराशिवच्या त्या कोंदट खोलीत ही ओळ मी इतक्यांदा वाचली की तिचा अर्थ माझ्या डोक्यात यायचाच बंद झाला. तो मला एकदाच कुणीतरी विचारला.

आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडची एक बाई होती. नवरा गेलेला, ती स्वतः औषधावर, आणि त्या दिवशी तिच्या दीड वर्षाच्या मुलीचा रिपोर्ट आला होता. मुलीलाही लागण होती, म्हणून तिच्या नावानं औषध सुरू करायला तोच कागद पुन्हा वाचायचा होता. बाई रडली नाही. मी वाचून थांबल्यावर म्हणाली, "ताई, कायम म्हंजी किती वर्सं?"

कायम म्हणजे कायम, मी सांगितलं, पोर म्हातारी होईस्तोवर. थोडी चिडूनच सांगितलं. बाहेर रांग लागली होती, आणि माझ्या शब्दावर कुणी शंका घेतलेली मला तेव्हाही खपत नसे. तिनं मुकाट्यानं अंगठा उठवला.

ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर वाढली. दर महिन्याला आईबरोबर औषध न्यायला यायची, मला मावशी म्हणायची, टेबलावरची शिक्क्याची शाई बोटांना फासून घ्यायची. औषधांनी तब्येत छान राहिली. गावात आईनं दम्याचं औषध आहे असं सांगून ठेवलं होतं, आणि ते सगळ्यांना पटलंही होतं. इकडे मी महिनाअखेरीला तिचं नाव, वय, गाव, कोणतं औषध चालू आहे, अशी सगळी यादी वरच्या कार्यालयाला मेलनं पाठवत होते. मेल कुलूपबंद जातो, वाटेत कुणाला वाचता येत नाही, असं आम्हाला सांगितलेलं होतं. ते खोटंही नव्हतं.

मागच्या वर्षी आमचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं. पडद्यावर पुण्याचा एक तरुण इंजिनिअर बोलत होता, समोर निम्मे लोक चहात आणि निम्मे मोबाइलमध्ये. मी रजिस्टरं लावत बसले होते. तो म्हणाला, चोराला आज कुलूप तोडता येत नसेल, पण पेटीच उचलून घरी नेऊन ठेवता येते. आपण पाठवलेली माहिती कुलपासकट उतरवून घ्यायची आणि वाट बघायची. क्वांटम कॉम्प्युटर नावाचं यंत्र एकदा पुरेसं मोठं झालं, की आजची बरीच कुलपं ते उघडू शकेल. म्हणून नव्या तऱ्हेची कुलपं तयार झाली आहेत, ती हळूहळू सगळीकडे बसतील.

मी हात वर करून विचारलं, की आधीच पाठवून झालंय त्याचं काय.

"मॅडम, ते कुणी उतरवून घेतलं असेल, तर त्याला आता नवं कुलूप लावता येत नाही."

कुणी घेतलंच असेल असं नाही, असंही तो पुढं म्हणाला. पण मी समोरच्या रजिस्टरांवरची वर्षं मोजायला लागले होते. सोळा-सतरा वर्षांच्या याद्या होत्या त्या, आणि सगळ्या मी माझ्या हातानं पाठवल्या होत्या.

धाराशिवातली यादी उतरवून घ्यायला कोण रिकामं बसलंय, असं आमच्या ऑफिसातले लोक हसून म्हणाले. मीही हसले असते. पण मी जळकोटची, आणि माझ्या माहेरी काय झालं ते मी पाहिलंय.

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत मोडीतले कागद होते. मोडी वाचणारे कधीच मरून गेले होते. वडील म्हणायचे, असू द्या, कोण वाचतंय. मग जातीच्या दाखल्यांसाठी जुन्या नोंदी शोधायची धांदल सुरू झाली आणि मोडी शिकलेला एक माणूस गावात आला. आम्हीच त्याला कौतुकानं घरी बोलावलं. चुलत बहिणीला बघायला आलेले पाहुणेही ओसरीवरच बसले होते. तो एकेक कागद मोठ्यानं वाचत गेला, आणि वाचता वाचता पणजोबांचं एक पत्र निघालं. थोरल्या मुलीला महारोग झाला आहे, तिला मळ्यातल्या खोपीत ठेवलं आहे, गावात ती वारली असं सांगितलं आहे. त्याच्या लक्षात येऊन तो थांबला, पण तोवर वाचून झालं होतं. त्या रोगावर औषध निघून जमाना लोटला होता. तरी चार दिवसांनी पाहुण्यांचा निरोप आला, की पत्रिका जुळत नाही. बहीण महिनाभर कुणाशी बोलली नाही.

त्या पेटीला कुलूपसुद्धा नव्हतं. वाचणारा तेवढा यायचा राहिला होता. इंजिनिअर बोलत होता तेव्हा मला ती ओसरी दिसत होती. तेव्हापासून मेल पाठवताना माझं बोट अडतं.

या वर्षी ती वाशीकडची मुलगी आली, बारावी होऊन. लातूरला फार्मसीला नंबर लागला होता, तिची फाइल तिकडच्या केंद्राला पाठवायची होती. मी त्या इंजिनिअरला फोन केला. दोन्हीकडच्या यंत्रणांत बसल्याशिवाय नव्या कुलपाचा उपयोग नाही, आणि तुमच्याकडे ते अजून आलेलं नाही, असं तो म्हणाला. मग मी साहेबांची परवानगी काढली, कागद छापले, पाकीट लाखेनं बंद केलं आणि तिच्या हातात दिलं. ती हसली. एवढं कशाला, मावशी, म्हणाली. मला खोटं बोलवेना. सगळं सांगितलं.

तिनं पाकीट उलटंसुलटं करून लाखेवरून बोट फिरवलं. मग तिनं तेच विचारलं, जे तिच्या आईनं विचारलं होतं. "किती वर्सं हायेत माझ्याकडं?"

"सांगता येत न्हाय बाळा. दहा, पंधरा. कदाचित कधीच कुणी उघडायचं न्हाय."

ती बोटांवर मोजायला लागली. "चार वर्सं शिक्षण. दोन वर्सं नोकरी. मग लग्न. त्याला म्या आधीच सांगणार हाय, त्याचं भ्या न्हाय." पुढच्या बोटावर ती थांबली. "पंदरा वर्सांनी माझं लेकरू शाळंत जात आसंल, मावशी."

ती पाकीट घेऊन उठली. तिच्यामागून बाहेर आले, तर बाकावर तिची आई उठून उभी राहिली. केस पिकले होते तिचे. "ताई, झालं न्हवं? पोरीचं नाव कुटं जात न्हाय न्हवं?"

"न्हाय," मी म्हणाले. "कायम इथंच राहतंय."

मुलीनं ते ऐकलं. तिनं आईच्या हातातली पिशवी घेतली, पाकीट तळाशी सारलं, वर भाकरीचं फडकं ठेवलं आणि म्हणाली, "चल माय, एस्टी निघंल."